मॅकबेथची महत्त्वाकांक्षा दुसऱ्या अंकातच संपते, मग पुढे खेळायचं काय?

एका कॉलेजच्या पोराने विचारलंय, थोडक्यात प्रश्न असा. त्यांचा ग्रुप शेक्सपियरच्या मॅकबेथची तासाभराची एकांकिका बसवतोय. डायरेक्टरचं म्हणणं, मॅकबेथ पहिल्या एन्ट्रीपासून डोळ्यांत हाव घेऊनच आला पाहिजे, बायको त्याला चढवते, तो राजाला मारतो, शेवटी पापाचं फळ मिळतं, संपलं. पण तालमीत राजाचा खून झाला की पुढचं सगळं सपाट व्हायला लागतं, नुसते एकामागून एक मुडदे. काय चुकतंय? आणि आपल्या नाशिकच्या प्रेक्षकाला ही स्कॉटलंडची भानगड आपली का वाटावी?

मी हे नाटक पोरांबरोबर बसवलंय, वर्कशॉपमध्ये तुकड्यातुकड्यांत तर बऱ्याचदा घेतलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

चुकतंय ते हे की तुम्ही महत्त्वाकांक्षा पाचही अंक ताणताय. ती तेवढी पुरत नाही रे. दुसऱ्या अंकात राजा डंकन मेला, मॅकबेथ राज्याभिषेकाला गेला, हवं होतं ते मिळालं. तिसऱ्या अंकापासून मॅकबेथला नवीन काहीही नकोय. दुसरा देश जिंकायचा नाही, काही बांधायचं नाही, प्रजेसाठी काही करायचंय असं तर एक वाक्य नाही त्याच्या तोंडी. नीट वाच, राजा झाल्यावर काय करणार हे अख्ख्या नाटकात नवराबायको एकदाही बोलत नाहीत. मुकुट मिळवायचा इथपर्यंतच विचार होता. मिळाल्यावर त्याचं स्वगत सुरू होतं ते साधारण याच अर्थाने, की नुसतं राजा असण्यात काही नाही, निर्धास्त राजा असायला पाहिजे. झालं, इथून पुढे नाटक मिळवण्याचं राहत नाही, राखण्याचं होतं. तुमचा नट मात्र अजून मिळवण्याचेच डोळे घेऊन फिरतोय म्हणून सपाट वाटतंय.

आता सुरुवातीकडे येऊ, कारण डोळ्यांत हाव हा प्रकारच मला पटत नाही. कालिदास नाट्यगृहात मागच्या रांगेत बसलेल्या माणसाला डोळ्यांतलं काही दिसत नाही, आणि दिसलं तरी नाटकाचं नुकसानच आहे, कारण पहिल्या मिनिटाला खलनायक ठरलेल्या माणसाचं पुढे काय बिघडणार? मॅकबेथ पहिल्यांदा आपल्याला कळतो तो दुसऱ्याच्या तोंडून. एक जखमी सैनिक येऊन सांगतो की या बहाद्दराने शत्रूला बेंबीपासून जबड्यापर्यंत उभा फाडला आणि मुंडकं तटावर लावलं, आणि ते ऐकून म्हातारा राजा खूश होतो, वा रे शूर भाऊ माझा. म्हणजे हा माणूस माणसं मारायच्या कामातच मोठा झालाय, त्याचाच मान आहे त्याला. तेच हात, तेच काम, फक्त रणांगणाऐवजी घरच्या पाहुण्याच्या खोलीत. हा फरक त्याला स्वतःला पक्का कळतो, आणि तिथेच सगळी मजा आहे.

चेटकिणींना दोष देऊ नका. त्या माळावर दोन माणसं उभी आहेत. मॅकबेथला सांगतात तू कॉडॉरचा सरदार होशील, राजा होशील, आणि त्याच्याबरोबरच्या सरदाराला, बँकोला, सांगतात तू नाही पण तुझे वंशज राजे होतील. दोघांनाही लालूच आहे. बँको मनात ठेवतो, झोपेत स्वप्नं पडतात म्हणून देवाची प्रार्थना करतो, हात मात्र हलवत नाही. मॅकबेथला कॉडॉरची सरदारकी मिळाल्याची बातमी आली रे आली की तिथल्या तिथे, बायको अजून चित्रात पण नाही, त्याच्या डोक्यात खून हा शब्द येतो. चेटकिणींनी खून कर असं कुठेच म्हटलेलं नाही. ती भर त्याची स्वतःची.

त्यानंतर एक जागा आहे ती कापू नका आणि घाई पण करू नका. जुना कॉडॉर गद्दार निघाला, त्याला देहदंड झाला, त्यावर डंकन म्हणतो की चेहऱ्यावरून मन ओळखायची विद्या जगात नाही, याच्यावर तर माझा पुरता विश्वास होता. आणि ते वाक्य संपत नाही तोच नवा कॉडॉर आत येतो, मॅकबेथ. राजा त्याचं तोंडभरून कौतुक करतो. नटाने इथे काहीही करायचं नाही, नुसतं चालत यायचं, हसायचं. एन्ट्रीचं टायमिंग अचूक पाहिजे बस, बाकीचं लेखकाने करून ठेवलंय.

पहिल्या अंकाच्या शेवटचा सीन तर मी पोरांना पाठच करायला लावतो. आत पंगत चाललीय, राजा जेवतोय, आणि यजमान उठून बाहेर आलाय. एकटा उभा राहून हिशोब मांडतो की मी त्याचा नातेवाईक, त्याचा सरदार, वर तो आज माझ्या घरचा पाहुणा, मी तर दाराशी उभं राहून मारेकऱ्याला अडवायचं, स्वतः सुरा कसला घेतोय. राजा माणूस म्हणून पण चांगला आहे. मग माझ्याकडे कारण काय, तर एकच, महत्त्वाकांक्षा, आणि तिचं तो स्वतःच वर्णन करतो की ती घोड्यावर बसायला इतक्या जोरात उडी मारते की पलीकडे जाऊन पडते. म्हणजे तुम्ही ज्यावर निबंध लिहिता ते सगळं या माणसाला खुनाच्या आधीच माहितीय! बायको येते तर तिला सरळ सांगतो, पुरे, आता यापुढे जायचं नाही. थांबला होता तो. मग ती त्याची मर्दानगी काढते. आणि तो काय विचारतो? हे करावं का, असं नाही विचारत. विचारतो, फसलो तर? तिथे निकाल लागला. मी नटांना सांगतो त्या एका प्रश्नात आवाज चढवू नका, हळू विचारा, कारण माणूस बरंवाईट सोडून सोयगैरसोयीवर आला की आवाज खालीच येतो.

बायकोच दोषी, हे आपल्याकडे लगेच पटतं लोकांना, आणि इथेच तुझ्या नाशिकच्या प्रेक्षकाचं उत्तर आहे. गंगापूर रोडने पुढे गेलं की आनंदवल्ली लागतं ना, ते राघोबादादांचं आनंदवल्ली, आनंदीबाईंच्या नावाचं. थोरले माधवराव पेशवे असताना चुलत्याला गादी हवी होती, पुतण्याशी पटेना, मग मुक्काम इथे गोदेच्या काठी. १७६८ साली धोडपला, आपल्याच जिल्ह्यातला किल्ला, माधवरावांनी त्यांचा पराभव केला आणि पुण्याला नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. १७७२ ला माधवराव गेले, धाकटे नारायणराव पेशवे झाले, आणि ३० ऑगस्ट १७७३ ला गणपतीच्या दिवसांत गारद्यांनी त्यांना वाड्यातच मारलं. काका मला वाचवा आणि ध चा मा या गोष्टी शेंबड्या पोराला पण माहितीयत. त्यातली ध चा मा ही कागदपत्रांपेक्षा आख्यायिकाच जास्त, पण लोकांनी ती किती आनंदाने धरून ठेवलीय बघ, कारण त्यात सगळं एका बाईच्या बोरूवर ढकलता येतं आणि दादासाहेब सुटतात. रामशास्त्र्यांनी मात्र बोट दाखवलं ते दादांकडेच.

आणि पुढचं ऐक, ते तर मॅकबेथपेक्षा मॅकबेथ आहे. राघोबा पेशवे झाले की, मिळालं जे हवं होतं ते. पण नारायणरावांची बायको गंगाबाई गरोदर होती. बारभाईंनी, म्हणजे राघोबांविरुद्ध एक झालेल्या कारभाऱ्यांनी, तिला पुरंदरावर नेलं, १७७४ च्या एप्रिलमध्ये मुलगा झाला आणि दीडएक महिन्याचं ते बाळ पेशवा झालं. मॅकबेथने मारेकरी घातल्यावर बँको मरतो पण त्याचा मुलगा फ्लिअन्स अंधारात निसटतो ना, इथे तर वारस जन्मायचा होता अजून. मग राघोबांचं उरलेलं आयुष्य काय, तर हातातून गेलेलं परत मिळवायला इंग्रजांच्या दारात, १७७५ चा सुरतेचा तह, बदल्यात साष्टी वसई देऊ करायची, त्यातून लढाई, ती थेट १७८२ च्या सालबाईपर्यंत, आणि शेवटी तनख्यावर कोपरगाव, तिथेच १७८३ ला गेले. (पुढे त्यांचाच मुलगा दुसरा बाजीराव पेशवा झाला आणि १८१८ ला पेशवाईच बुडाली, पण तो वेगळा विषय.) अटकेपार घोडे नेणारा माणूस होता हो हा. मॅकबेथसारखाच, रणांगणात नाव कमावलेला. एकांकिकेत हे कुठेही घालू नका, कपडे पेशवाई करू नका, पण नटांना एकदा आनंदवल्लीला घेऊन जा, घाटावर बसवा आणि हे सांगा. स्कॉटलंड परकं वाटणार नाही मग.

तसं मराठीत मॅकबेथ काही नवीन नाही. शि. म. परांजप्यांनी मानाजीराव केलं, आणि १९५४ चं राजमुकुट तर आपल्या तात्यांचं, कुसुमाग्रजांचं, दुर्गा खोटे होत्या त्यात. नाशिकच्या ग्रुपने मॅकबेथ करायचं आणि राजमुकुट वाचलं नाही असं नको.

लेडी मॅकबेथकडे परत. ती चढवते हे खरं, पण ती त्यालाच सुनावते की हा बेत आधी तूच माझ्याकडे काढला होतास. आणि ती राक्षसीण असती तर तिने स्वतःच मारलं असतं. तिच्याच तोंडी वाक्य आहे, झोपलेला म्हातारा माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच उरकलं असतं. तिची अडचण क्रूरपणाची नाहीये, तिला पुढचं दिसत नाही ही आहे. त्याला सगळं दिसतं, हवेत सुरा दिसतो, ऐकू येतं की आता तुला झोप नाही. तिला वाटतं एका रात्रीचं काम आहे. खून करून तो बाहेर येतो, सुरे तसेच हातात, ते पहारेकऱ्यांजवळ ठेवायचे होते, परत आत जायची त्याची हिंमत नाही. ती जाते, ठेवते, हात लाल करून येते आणि म्हणते थोडं पाणी घेतलं की झालं. हे वाक्य अगदी घरगुती आलं पाहिजे, भांडी घासून आल्यासारखं. पाचव्या अंकात तीच बाई झोपेत चालत हात चोळते आणि अरबस्तानातली सगळी अत्तरं पुरणार नाहीत म्हणते, तेव्हा प्रेक्षकाला आधीचं पाणी आठवलं नाही तर तुमचा सीन वाया गेला.

आता तुझा खरा प्रश्न, तिसऱ्या अंकानंतरचं सपाटपण. तीन खून एका रांगेत ठेवून बघ. डंकनचा, त्याला कारण आहे, मुकुट. त्यासाठी जवळजवळ अख्खा अंक तगमग, थांबणं, परत तयार होणं, आणि मारतो स्वतःच्या हाताने. पण आपल्याला तो खून दिसत नाही, आत होतो. मग बँको, जिवाभावाचा मित्र. कारण अर्धवट आहे, भीती आणि मत्सर, की मी पाप केलं आणि गादी याच्या पोरांना. एका सीनमध्ये ठरवून टाकतो, भाड्याची माणसं बोलावतो, आणि त्यांना पटवताना काय वापरतो माहितीय? तुम्ही मर्द आहात का! बायकोने त्याच्यावर चालवलेलं हत्यार तो जसंच्या तसं दुसऱ्यांवर चालवतो. आणि बायकोला सांगत नाही, तू निर्धास्त राहा, झाल्यावर शाबासकी दे म्हणतो. हा खून स्टेजवर होतो. तिसरा सरदार मॅकडफच्या बायकापोरांचा. मॅकडफ तर इंग्लंडला पळालाय, घरी बाई आणि लहान मुलं. यात फायदा शून्य, ना गादीला ना सुरक्षिततेला. आणि ठरवायला लागतं काय, तर एक वाक्य, की इथून पुढे मनात आलं की हाताने केलं, विचार नाही. मारेकऱ्यांना तो भेटताना पण दिसत नाही. आणि तो पोरगा आपल्या डोळ्यांदेखत मरतो.

दिसतंय का? कारण लहान होत जातं, वेळ कमी होत जातो, मारणारा लांब जातो आणि प्रेत मात्र आपल्या जवळ येत जातं. हा चढ आहे नाटकाचा. तुमच्या तालमीत तिन्ही खुनांना एकच लाल लाइट आणि एकच ढोल असणार, पैज लावतो. पहिल्याला भरपूर वेळ द्या, दुसऱ्याला निम्मा, आणि तिसऱ्याला काहीच देऊ नका, म्युझिक पण नको. मॅकडफचा मुलगा आईशी गमती करत असतो, बाबा गद्दार आहे का, गद्दारांना फाशी देतात तर गद्दारच जास्त आहेत की, ते फाशी देणाऱ्यांनाच लटकवतील. लोक हसत असताना माणसं आत आली पाहिजेत.

राखण्याचं काम म्हणजे गळक्या छपराखाली पातेली सरकवत फिरणं आहे, एक जागा धरली की दुसरीकडे टपकतं, आणि मॅकबेथला झोपायला जागाच उरत नाही. म्हणून नटाला सांग की तिसऱ्या अंकापासून हाव खेळू नकोस, थकवा खेळ. झोप नसलेला माणूस. डंकनचा त्याला हेवा वाटतो, तो कबरीत शांत झोपलाय म्हणतो. ज्याला मारून खुर्ची घेतली त्याचाच हेवा!

मेजवानीचा सीन जमला तर एकांकिका जमली असं समज. नवा राजा, पहिलीच पंगत, सगळे सरदार मानाप्रमाणे बसलेत. मारेकरी दारात येतो, तोंडावर रक्त, सांगतो बँको गेला पण पोरगं निसटलं. हा परत पाहुण्यांकडे वळतो, बँको असता तर किती बरं झालं असतं असं मोठ्याने म्हणतो, आणि बघतो तर टेबल भरलंय, त्याची स्वतःची जागा रिकामी नाही. भूत बसलंय तिथे. भूत दाखवायचं की नाही यावर डायरेक्टर भांडतात, जुन्या संहितेत भुताची एन्ट्री लिहिलेली आहे, पण मला विचारशील तर रिकामी खुर्चीच ठेव. इतरांना खुर्ची रिकामी दिसतेय आणि राजा तिच्याकडे बघून ओरडतोय, मागच्या रांगेपर्यंत कळतं. बायको सारवासारव करते, त्यांना लहानपणापासून असं होतं, तुम्ही जेवा, आणि शेवटी सगळ्यांना घालवते, मानाची रांगबिंग बघू नका, निघा. सुरुवातीला क्रमाने बसलेली माणसं शेवटी कशीही उठून पळतायत, राज्याची घडी मोडलेली दाखवायला याच्यापेक्षा सोपं ब्लॉकिंग मिळणार नाही, पण त्यासाठी सुरुवातीचं बसणं अगदी शिस्तीत बसवावं लागतं, तिथे पोरं आळस करतात.

आणि ते गेल्यावरचे दोन मिनिटं. नवराबायको दोघंच, उष्टी ताटं. तो म्हणतो मी रक्तात इतका आत आलोय की मागे फिरणं आणि पलीकडे जाणं सारखंच अवघड. मधेच बोलून जातो की एकही सरदार असा नाही ज्याच्या घरात मी पगारी हेर ठेवलेला नाही. ती फक्त म्हणते तुम्हाला झोप हवी. यानंतर ही दोघं नाटकात पुन्हा एकत्र दिसत नाहीत. ज्या दोघांनी हे सगळं एकमेकांसाठी म्हणून केलं त्यांचा शेवटचा एकत्र सीन हा, आणि त्यात एकमेकांशी धड बोलणं पण नाही. मला विचारलं की महत्त्वाकांक्षेने काय नासवलं तर मी देशाच्या आधी हे लग्न दाखवेन. सुरुवातीला तो तिला पत्रात आपल्या मोठेपणातली जोडीदार म्हणतो. पाचव्या अंकात बायकांचा आक्रोश ऐकू येतो, राणी गेली म्हणून सांगतात, तर तो म्हणतो ती नंतर मरायला हवी होती, या बातमीला कधीतरी वेळ मिळाला असता. उद्या आणि उद्या आणि उद्याचं ते प्रसिद्ध स्वगत तिथून सुरू होतं. नट त्यावर टाळी घ्यायला जातात, रडतात. रडू नका, त्याच्या जरा आधी तोच सांगतो की मी भीतीची चवच विसरलोय. भीती गेली म्हणजे धीट झाला असं नाही, काहीच वाटेनासं झालंय. कोरडं म्हणा, रोजच्या सारखं.

कापाकापीचं शेवटचं. मूळ नाटक शेक्सपियरच्या शोकांतिकांमधलं सगळ्यात लहान असलं तरी तासाला बसणार नाही. हेकेट, म्हणजे चेटकिणींची देवी, कापा, ती मुळात दुसऱ्याने घातली असावी असं बरेच अभ्यासक मानतात. डंकनचा मुलगा माल्कम इंग्लंडमध्ये मॅकडफची परीक्षा घेतो तो सीन खूप लांब आहे, तिथलं फक्त बायकामुलांची बातमी कळण्याचं ठेवा. लढाया एका मिनिटात आवरा, लाकडी तलवारींनी हसं होतं. दारावरचा दारुडा मात्र कापायचा नाही, डंकनचा खून झाल्यावर लगेच तो येतो, बाहेर ठोठावणं चाललंय आणि हा नरकाचा दरवान असल्यासारखा बडबडत दार उघडायला वेळ लावतो. तुमच्यापैकी ज्याचं कॉमेडीचं टायमिंग बरं असेल त्याला द्या, आणि त्याला सांगा खुशाल आपल्या नाशकातल्या वॉचमनसारखा बोल. आत प्रेत पडलंय हे लोकांना माहितीय, त्याला नाही.